हाड जुळेपर्यंत

पार्शाच्या चढणीवर आमच्या कंपनीची बस गिअर बदलते, जरा रेंगाळते, आणि उघड्या खिडकीतून तो वास आत शिरतो. गोड, आंबूस, नाकात किंचित झोंबणारा. झाडाखाली पिकून पडलेल्या बोंडूंचा, काजूच्या फळांचा वास. बसमधल्या नव्या पोरी ओढणी नाकाला लावतात. मी खिडकी आणखी सरकवते. मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणतंच, "काजू लागले गो!" जणू काही ही बातमी आम्हाला कळलीच नसती.

दरवर्षी हा वास आला की माझं उजवं मनगट जागं होतं. दुखत नाही, ठणकत नाही. फक्त ते आहे हे मला कळतं. एरवी आपल्याला मनगट आहे याचा पत्ता तरी कुठे असतो? ते बिचारं मुकाट्याने फिरत असतं, पोळ्या लाटतं, केस विंचरतं, बादली उचलतं. मी बसमध्ये बसल्या बसल्या डाव्या हाताने ते धरते, आणि एका हंगामाच्या सगळ्या सकाळी माझ्यासमोर उभ्या राहतात.

या दिवसांत आमच्याकडच्या बायकांचे हात काळे असतात. बोंडू उचलायचा, त्याची बी पिळून काढायची आणि बोंडू एका टोपलीत, बी दुसऱ्या टोपलीत टाकायची. बीचा डीक बोटांना लागतो, कातडी जळते, सोलते, काळी पडते. साबण घासा, लिंबू घासा, मिरगाच्या पावसापर्यंत ते हात तसेच. लग्नाला जाताना हातभर बांगड्या घातल्या तरी बोटं सांगतातच, काजूवाल्या आहेत म्हणून. काही वर्षांपूर्वीच्या त्या एका हंगामात मात्र माझा उजवा हात गोरापान राहिला. तो प्लास्टरमध्ये होता.

मी औषधांच्या कारखान्यात बाटल्या बघते. हे सांगितलं की लोक हसतात. "बघण्याचेय पैशे?" आमच्या शेजारच्या शालूवैनीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा असंच विचारलं होतं. इंजेक्शनच्या एवढ्या एवढ्या बाटल्या असतात. त्या मानेला धरून उचलायच्या, उलट्या करायच्या, दिव्यासमोर धरायच्या, एकदा काळ्या फळीवर आणि एकदा पांढऱ्या फळीवर. आत एखादा कण, एखादा तंतू तरंगताना दिसला की ती बाटली बाद. डोळ्यांचं काम आहे असं सगळ्यांना वाटतं. खरं काम मनगटाचं. ते झटकन आणि हळुवार फिरलं पाहिजे, नाहीतर बाटलीत बुडबुडे होतात आणि मग कण कुठला नि बुडबुडा कुठला, काही कळत नाही. मी त्या कामात चांगली होते. अभिमानाने सांगते, फार चांगली होते.

शिगम्याच्या थोडं आधी, सकाळच्या पाळीला, बसमधून उतरताना पायरीवरच्या दवावर माझी चप्पल सरकली आणि मी गेटसमोरच उजव्या हातावर पडले. आवाज झाला. जळणाची सुकी फाटी मोडल्यावर होतो तसा, फार मोठा नाही. उठून बसले तर मनगट नको तिथे वाकलेलं. गंमत अशी की मला पहिल्यांदा दुखलं नाही, राग आला. काजू लागले होते, घरात कामाला माणसं नव्हती, आणि हा हात असा मध्येच सुट्टीवर गेला होता.

विम्याच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. प्लास्टर घालून झाल्यावर तिने माझ्याकडे नीट बघितलं. "बाई, या हाताने काही करायचं नाही. भांडं उचलायचं नाही, कपडे पिळायचे नाहीत, केससुद्धा विंचरायचे नाहीत. हाड बरोबर बसलंय, पण ते आता पाणी घातलेल्या पिठासारखं आहे. हलवलंत तर वाकडं जुळेल, आणि वाकडं जुळलं तर मनगट फिरणार नाही."

मनगट फिरणार नाही म्हणजे दिव्यासमोरची माझी खुर्ची गेली. हे तिला ठाऊक नव्हतं, मला होतं. मी विचारलं, "आणि पगार?"

"पगार थांबेल. पण पडलात ते कामावर जाताना, तेव्हा विम्याकडून पैसे येतील. पगारातला बराचसा भाग येतो. हाड जुळेपर्यंत."

"काय करायचे पैसे?"

ती लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "बसायचे."

त्या एका शब्दापाशी मी थांबले ती अजून थोडीशी तिथेच आहे. इतकी वर्षं पगाराच्या कागदावर तळाशी एक बारीक कपात दिसायची आणि आम्ही सगळ्या जणी तिच्यावर चडफडायचो. हे कसले पैसे कापतात, कोणाच्या घशात जातात, असं म्हणायचो. कालपरवाच बसमध्ये एका नव्या पोरीने मला तेच विचारलं, कागद नाचवत, अगदी आमच्याच सुरात. मी तिला माझं मनगट दाखवलं. तिला वाटलं, मी घड्याळ दाखवते आहे.

घरी आले तेव्हा माई, माझी सासू, अंगणात बिया वाळत घालत होती. माई जरा लंगडत चालते. उजवा पाय टाकते आणि डावा ओढते. घरात ती कुठे आहे हे न बघता कळतं. प्लास्टर बघून तिने आधी देवाचं नाव घेतलं, मग माझं, मग माझ्या चपलेला शिव्या घातल्या. मी तिला विम्याचं सगळं समजावून सांगितलं. सगळ्या कामगारांच्या पगारातून थोडे थोडे कापतात, मालकही त्यात घालतो, आणि जो पडतो त्याला त्यातून देतात.

"बसान रव्हायचे पैशे?" माई म्हणाली.

"हो."

"कायच करूक नको?"

"काहीच करायचं नाही. केलं तर चालत नाही."

माईने माझ्या प्लास्टरवर बोटाने टकटक करून बघितलं. मग तिने निकाल दिला. "म्हणजे तो हात आता सरकाराचो. तुजो न्हय."

आणि तिथून ती गंमत सुरू झाली. सरकारचा हात म्हटल्यावर तो सांभाळायला नको? माईने ओट्यावर जुनं कदेल, म्हणजे आमची दोन हातांची लाकडी खुर्ची, आणून ठेवलं आणि मला त्यात बसवलं. माझ्या मांडीवर उशी, उशीवर हात. संध्याकाळपर्यंत वाड्यावर ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली, आणि होता होता तिला शेपूटही फुटलं: म्हणे कोणीतरी साहेब बघायला येतो, आणि बाई काम करताना दिसली तर पैसे बंद. असं कोणी सांगितलं नव्हतं. पण आमच्याकडे कोणी काही फुकट देतं यावर विश्वास बसणं जड, तेव्हा त्यात एक साहेब घातल्याशिवाय गोष्ट पुरी होईना. मी तांब्या उचलायला डावा हात पुढे केला तरी शालूवैनी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून ओरडायची, "गो, हात खाली घे! कोण बघीत!"

एक दिवस खरंच एक माणूस आला. डोक्यावर हेल्मेट, हातात कसलंसं यंत्र, पाठीला पिशवी. माई धावत, म्हणजे तिच्या परीने धावत, पुढे झाली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"ही कायच करणा नाय!" तिने ठणकावून सांगितलं. "सकाळपासून नुसती बसान आसा. भांड्याक हात लावणा नाय, झाडू मारणा नाय. जेवणसुद्दा मी वाढतंय. विचार वाड्यार कोणाकय!"

तो माणूस गोंधळला. "बरां माई, बरां. मीटर खंय आसा?"

तो विजेचं मीटर बघायला आला होता. तो गेल्यावर मी हसून हसून रडले. मग माझ्या ध्यानात आलं की लग्न होऊन आल्यापासून मला ज्या बोलण्याची धास्ती होती ते शब्द आज माईच्या तोंडून आले होते. सून काही करत नाही, नुसती बसून असते. कुठल्याही घरात यापेक्षा मोठी नालस्ती नाही. आणि माईने ते माझी बाजू घेऊन, छाती पुढे काढून, एका परक्याला सांगितलं होतं.

केसही माईच विंचरायची. सकाळी दत्ता, माझा नवरा, शाळेची बस घेऊन निघून जायचा, मुलगी शिकायला पणजीला. मग माई फणी घेऊन माझ्या मागे उभी राहायची. आधी दोघींनाही लाज वाटली. सासूने सुनेच्या डोक्याला हात लावायचा तो फक्त बाळंतपणात. तिची बोटं काजूच्या डिकाने खरखरीत झालेली, केसांत अडकायची. माझी आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळे मागे उभं राहून कोणीतरी आपला भांग पाडतंय, ही गोष्ट मला नवीनच होती. मी डोळे मिटून घ्यायची.

डोंगरावर आमची काजूंची बाग आहे, फार मोठी नाही. एरवी कारखान्याची पाळी सांभाळून मी जायची. आता माई एकटी आणि तो पाय. पहिल्या आठवड्यातच एका सकाळी शालूवैनी आणि तिच्या दोन जावा टोपल्या आणि टोकाला खिळा लावलेल्या काठ्या घेऊन आमच्या बागेत शिरल्या. कोणी बोलावलं नव्हतं. आमच्याकडे एकमेकांच्या शेतात फिरून हात लावायची रीत आहे, आज तुमच्याकडे आम्ही, उद्या आमच्याकडे तुम्ही. पण मी उद्या जाणार नव्हते, परवाही नाही. मी तसं म्हटलं तेव्हा शालूवैनी म्हणाली, "फुडल्या वर्सा ये. तू खंय पळान जातस?"

आणि एका दुपारी फोन वाजला. खात्यात पैसे जमा झाले होते. मी तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. ओट्यावर ऊन होतं, अंगणात बिया वाळत होत्या, दूर बोंडूंची दारू गाळणाऱ्या भाटीचा धूर वर चढत होता, आणि मी कदेलावर बसून होते. काही केलं नव्हतं. एकही बाटली बघितली नव्हती, एक काडी उचलली नव्हती. मला हसू आलं नाही, आनंदही नीटसा झाला नाही. अंगावर काटा आला. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा येतो तसा.

हे पैसे कोणाचे? मी विचार करू लागले. डिचोलीच्या एखाद्या कारखान्यात लेथवर उभा असणारा कोणी असेल. कुठे तरी बिस्किटं भरणारी एखादी असेल, धारगळच्या रस्त्यावरून रोज दुचाकीने जाणारी, तिच्याही कागदाच्या तळाशी तीच कपात, तीही चडफडत असेल. ओळख ना पाळख. माझं नाव त्यांना ठाऊक नाही, त्यांची तोंडं मी कधी बघणार नाही. आणि त्यांच्या त्या चडफडीतूनच माझं हाड जुळतंय. मग उलटही असणार. इतक्या वर्षांत माझ्या कपातीने कोणाचा तरी खांदा जुळला असेल, कोणीतरी कावीळ होऊन निवांत पडून राहिलं असेल, ते उठून पुन्हा कामाला लागलं असेल, आणि मला त्याचा पत्ताही नाही. शालूवैनी गडगा ओलांडून आली, तसंच हे. फक्त हा गडगा एवढा लांब की पलीकडचं माणूस दिसत नाही. ज्याने कोणी पहिल्यांदा हे मनात आणलं, त्याला मी त्या दुपारी मनोमन नमस्कार केला. डाव्या हाताने.

माईला मात्र चैन पडेना. तिने पैसे नाकारले नाहीत, पण ते तिला पचतही नव्हते. "बसान घेतलेले पैशे घरात येवचे बरे काय वायट, देवाक विचारूया," ती म्हणाली. मग आम्ही दोघी देवळात गेलो. आमच्याकडे देवाला विचारायचं ते पाकळ्या लावून. पुजारी मूर्तीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास धरून बघत राहतात. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

पुजाऱ्याने माईचं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा, सून बसान आसा, तिका बसायचे पैशे गावतत, ते घेवचे काय नाय, सांग." आम्ही बघत राहिलो. समईची ज्योत हलत नव्हती. उजवी पडेना, डावी पडेना. माई एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत होती. बाहेर कोणीतरी घंटा वाजवून, दर्शन घेऊन, निघूनही गेलं. पाकळ्या जिथल्या तिथे. शेवटी पुजाऱ्याने मान हलवली. "माई, आज देव काय बोलणा नाय. उद्या येया."

आम्ही परत निघालो. आंब्याखाली पोचलो आणि ती थबकली. तिच्या तोंडावर मी तोवर कधी न बघितलेलं हसू पसरलं.

"देवूय बसलो गो," ती म्हणाली. "बसणां वायट आसता, तर तो तरी कित्याक बसतो?"

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली नाही. तिच्या लेखी उत्तर मिळालं होतं.

बसून राहायची मला सवय नव्हती. पहिले काही दिवस मी नुसती तळमळत होते. मग हळूहळू डोळे आपलं काम शोधू लागले. बाटल्या नव्हत्या, तर माणसं बघू लागले. सकाळी पोदेर सायकलवरून यायचा, भोंगा वाजवत, मागे उंड्यांची टोपली. इतकी वर्षं मी त्याच्याकडून पाव घेत होते, पण त्याची मान कायम डावीकडे कललेली असते हे कधी दिसलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, कधीतरी भट्टीजवळ पडलो होतो, मग राहिलीच तशी. शालूवैनीच्या उजव्या हाताचं एक बोट पूर्ण मिटत नाही. रगड्यात सापडलं होतं, दिवाळी तोंडावर होती. वरच्या घरचे तात्या खाणीवर ट्रक चालवायचे, ते बसताना एका बाजूला बसतात, दुसऱ्या बाजूला बसताच येत नाही. कोणाचा खांदा उतरलेला, कोणाचा गुडघा बाहेर गेलेला. मी यांना चालीवरून ओळखत होते, लांबून, अंधारातसुद्धा. मला वाटायचं, माणसांच्या चाली जन्माला येतानाच वेगवेगळ्या असतात.

मोपाकडे उतरणारी विमानं ओट्यावरून दिसतात. माई एकदा भात पाखडता पाखडता वर बघून म्हणाली, "तेंका बसान जावक पैशे मोडूचे लागतत. तुका बसायचे गावतत. शाणी कोण?" मी हसले. पण माझी नजर तिच्या डाव्या पायावर गेली, जो ती बसतानाही दुमडत नाही, सरळ लांब टाकून ठेवते. आणि मी विचारायला घाबरले.

ते कळलं डोंगरावर. शिगमो होऊन गेला होता, काजूचा भर होता. शालूवैनीच्या बागेतही तोच भर, तेव्हा तिला यायला जमत नव्हतं, आणि माई एकटी पुरी पडत नव्हती. सकाळी पडलेले बोंडू दुपारपर्यंत तापून फुटायचे, माकडं अर्धे खायची. माझं प्लास्टर नुकतंच काढलं होतं. हात बारीक झालेला, पांढरा, दुसऱ्याच कोणाचा तरी असल्यासारखा. डॉक्टरने बजावलं होतं की अजून कामाला लावायचा नाही, फक्त व्यायाम. पण माझ्याच्याने बघवेना. माई खालच्या बाजूला होती, मी वरच्या बाजूने बागेत शिरले. झाडाखाली लाल, पिवळे बोंडू पसरले होते. डाव्या हातात बोंडू धरला आणि उजव्या हाताने बी पिळायला गेले. मनगट फिरलंच नाही. कळ आली ती खांद्यापर्यंत.

"ठेय तो खाली," मागून माई म्हणाली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातला बोंडू काढून घेतला, खाली टाकला आणि तिथेच झाडाच्या मुळावर बसली. मलाही बसवलं.

"मी तुज्यापरीस ल्हान होतंय," ती म्हणाली. "भाताचो भारो घेवन शेताच्या मेरेवयल्यान येय होतंय. पाय मुरगळलो. काडाक करून आवाज इलो. एकान पालो बांदलो. एक दिस बसलंय. दुसऱ्या दिसा भात तसांच उभां, आकाश भरान इलेलां, तुजो मांव, दत्ताचो बापूस, एकटो. कोणी माका उठ म्हणाला नाय. कोणी वायट नव्हते गो. पण कोणी बस म्हणाकय नव्हता. मगे मी उठलंय."

मी तिच्या पायाकडे बघितलं. घोट्याच्या वर हाड बाहेर आलेलं होतं, गुळगुळीत. लग्न होऊन आल्यापासून मी तो पाय बघत आले होते.

"ह्या काजूंपेक्षा तो हात म्हाग आसा," ती उठत म्हणाली. "वांदरांक खावंदेत. तेंकाय हंगाम आसता."

त्या दिवशी मी रडले. हात दुखला म्हणून नव्हे. आमच्या घरात, आमच्या वाड्यावर, आजवर कोणी बरंच झालं नव्हतं हे मला दिसलं म्हणून. सगळे नुसते कामाला लागले होते. बरं होणं आणि कामाला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये काही दिवस लागतात, रिकामे, बसून राहायचे, ते कोणीतरी द्यावे लागतात, हे मला त्या डोंगरावर कळलं.

मग मी मन लावून बसले. बसणं हेही काम आहे असं समजून बसले. डॉक्टरने व्यायाम सांगितला होता तो सोपा होता. अंगण सारवतो तसा तळवा खाली, तीर्थ घेतो तसा तळवा वर. खाली यायचा, वर जायचा नाही. अर्ध्यात अडकायचा, गंजलेल्या कडीसारखा. कोमट पाण्यात बुडवून, तेल लावून, सकाळ-संध्याकाळ मी तो फिरवत राहिले. एवढ्यावरच अडकला तर बाटली उलटी होणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि मग मला कुठे तरी खोकी उचलायला लावतील, नाहीतर घरीच बसवतील, पैशांशिवाय. भीती वाटायची. पैसे येत होते ते हाड जुळेपर्यंत, मनगट फिरेपर्यंत नव्हे.

माईने आपली वेगळी परीक्षा काढली होती. रोज दिवेलागणीला देवापुढे दिवा लावून झाला की ती पळीभर पाणी माझ्या उजव्या तळव्यात घालायची. पाणी करंगळीवरून ओघळून जायचं. ती पदराने जमीन पुसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कधी थोडं ओघळायचं, कधी जास्त. वैशाख लागला, काजू सरत आले, बोंडूंचा वास उतरला. आणि एका संध्याकाळी तिने पळी रिकामी केली आणि पाणी तिथेच राहिलं.

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. माझ्या तळव्याच्या खळग्यात एवढंसं पाणी, त्यात दिव्याची ज्योत. मी आयुष्यभर बाटल्यांतलं पाणी बघत आले आहे, कण शोधत. असं स्वच्छ पाणी मी बघितलं नव्हतं. पाणी सांडलं नाही.

"आता काय करू?" मी विचारलं.

माईने पळी खाली ठेवली. "पी गो," ती म्हणाली.

मी ते प्यायले.

डॉक्टरने दोन्ही मनगटं शेजारी शेजारी धरून बघितली, फिरवून बघितली, आणि सोमवारपासून कामावर जायला सांगितलं. विमा शनिवारी संपला. वाटेवर शालूवैनी आणि तिच्या जावा थांबल्याच होत्या. नव्या बाळाला बघतात तशा त्यांनी माझा हात हातात घेऊन बघितला, दाबून बघितला. "खंयचो मोडललो?" एकीने विचारलं. मी सांगितलं तर तिला खरं वाटेना.

रविवारी मी लवकर उठले. इतके दिवस साचलेली कामं डोळ्यांपुढे नाचत होती. पावसापूर्वी फाटी भरायची होती, अंगण झाडून काढायचं होतं, माईच्या लुगड्यांचा ढीग होता. मी कोपऱ्यातला झाडू उचलला. माईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"विमो संपलो, माई," मी म्हटलं. "हात आता माजो."

"विम्याचे दिस संपले," ती म्हणाली. "आजचो दिस माज्याकडसून. बस."

तिने झाडू भिंतीला टेकवला आणि मला ओट्यावर बसवलं. आणि मग जे मी लग्न होऊन आल्यापासून बघितलं नव्हतं ते झालं. माई माझ्या शेजारी येऊन बसली. हातात सूप नाही, विळी नाही, वाती नाहीत. डावा पाय सरळ लांब केला, दोन्ही काळे हात मांडीवर ठेवले. सकाळचे नऊ वाजले असतील. अंगणात पालापाचोळा तसाच होता, चुलीवर काही चढलेलं नव्हतं. माई समोर बघत होती, जरा अवघडून.

गडग्यापलीकडून शालूवैनीने बघितलं आणि हातातली बादली तशीच ठेवून ती धावत आली.

"काय जालां गो माई? बरां नाय तुका?"

"बरां आसा," माई म्हणाली. "बरां आसा म्हणान बसलंय."